तुमचे समोरचे गेले

बाबा, तुमचे समोरचे गेले. मागच्या आठवड्यात, घरीच, झोपेत. आपल्या घरात त्यांना नावानं कोणी कधी हाक मारली नाही. निवडणुकीला तुमच्या समोर उभे राहायचे म्हणून ते 'समोरचे', आणि त्यांची बायको 'समोरच्या काकू'. नगरसेवकपदासाठी तुम्ही दोघं जन्मभर भांडलात, कधी तुम्ही पडलात, कधी ते, आणि मधल्या काळात एकमेकांचं रक्त आटवलंत. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली. मीही टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन गुडघे सांभाळत बसलेय. म्हणजे हा विषय संपलेला असायला हवा होता. पण त्यांच्या शोकसभेला जाऊन आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. टीव्ही लावते, बंद करते. भाजी निवडायला घेते आणि अर्धी जुडी तशीच ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहते. शेवटी म्हटलं, ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याशीच बोलावं.

सभा त्यांच्याच व्यायामशाळेत होती. तीच, बागेच्या प्लॉटवर बांधलेली, जिच्या उद्‌घाटनाला तुम्ही काळी फीत लावून रस्त्याच्या पलीकडे उभे होतात. वजनं आणि बाकडी भिंतीशी सरकवून वर ताडपत्री टाकली होती, मधे खुर्च्या, समोर हार घातलेला फोटो. काकूंनी मला हाताला धरून शेजारी बसवून घेतलं. भाषणं चालू होती, तीच ती, 'अजातशत्रू' आणि 'दिलदार'. अजातशत्रू, बाबा. ज्या माणसानं तुमच्या प्रचाराच्या जीपच्या चारही चाकांतली हवा सोडायला लावली, तो अजातशत्रू. मी पदर तोंडाशी धरून बसले होते.

मग आले आत्ताचे पुढारी. हे तुमच्या नंतरचे, तुम्ही त्यांना हाफ पँटीत पाहिलं असेल. यांनीच समोरच्यांना म्हातारपणी पाडलं आणि त्यानंतर प्रत्येक सभेत त्यांना 'गंजलेलं कुलूप' म्हणून हशा मिळवला. ते उशिरा आले, सोबत दहाबारा जण, त्यातला एक मोबाइल धरून उलटा चालत होता. फोटोला हार घातला, तो नीट दिसेना म्हणून परत घातला. आणि माइकवर म्हणाले, "आज मी पोरका झालो. ते माझे राजकीय गुरू होते. गेल्याच महिन्यात त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाले, बेटा, माझी टेकडी आता तुझ्या हवाली."

टेकडीवरच्या वस्तीत मतं किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि निवडणूक तोंडावर आहे.

काकू माझ्या कानाशी पुटपुटल्या, "कसला फोन गं? श्रावणापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पाणी हवं असलं तर बोट दाखवायचे."

मला हसू आलं, बाबा. शेजारी विधवा बाई रडतेय आणि मला हसू येतंय. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. तुमच्या शोकसभेत, याच माणसाच्या तोंडून, जो आता हार घालून फोटोत बसला होता.

ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा समोरचे भेटायला आले होते, मोसंब्यांची पिशवी घेऊन. मी तेव्हा तिथेच होते, कॉटच्या पायथ्याशी उभी. ते स्टुलावर बसले आणि तुम्ही डोळे उघडून पहिलं काय म्हणालात, तर "प्लॉट खाल्लास ना रे शेवटी." ते म्हणाले, "खाल्ला नाही, वाचवला. बिल्डर टपलेलाच होता." तुम्ही म्हणालात, "पोरांपासून वाचवलास. पोरं रस्त्यात खेळतायत." मग ते म्हणाले, "तू बरा हो, मग भांडू," आणि तुम्ही म्हणालात, "आत्ता काय करतोय आपण?" नर्सनं येऊन दोघांना दटावलं. जाताना ते पंख्याकडे बघून म्हणाले की हा आवाज करतो, सांगतो कुणाला तरी. एवढंच झालं. संध्याकाळी खरंच एक माणूस येऊन पंखा दुरुस्त करून गेला.

आणि तुमच्या शोकसभेत ते उभे राहिले आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "शेवटच्या भेटीत त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, वॉर्ड आता तुझा." तुमचे निम्मे कार्यकर्ते त्याच दिवशी तिकडे गेले, साहेबांचीच इच्छा होती म्हणत. मी उभी राहून ओरडणार होते, आईनं माझी ओढणी धरून खाली बसवलं. घरी आल्यावर ती शांतपणे कोथिंबीर निवडत बसली. जुडी संपल्यावर म्हणाली, "हात हातात घेतला म्हणे. लग्न झाल्यापासून चारचौघांत माझा नाही घेतला कधी, याचा घेतला." आणि मग तिला रडू आलं.

तेव्हापासून मी त्या माणसाशी बोलले नाही. काकूंशी बोलायचे, भाजीवाल्याकडे, केमिस्टकडे. त्यांच्याशी नाही.

पुढाऱ्यांनी आपल्या विरोधकाच्या मरणावर काय बोलावं, हे तुम्ही मला एकदा शिकवलं होतंत, आणि मला तेव्हा तुमची लाज वाटली होती. मी नववीत होते. तुमच्या वेळचे एक जुने नगरसेवक वारले होते, त्यांच्याशी तुमचा उभा दावा होता, आणि शोकसभेत तुम्हाला बोलायचं होतं. मी वक्तृत्वात शाळेची ढाल आणलेली, त्यामुळे भाषण लिहून द्यायची जबाबदारी मी आपण होऊन घेतली. स्वयंपाकघरात तुम्ही जेवताय, आई पोळ्या लाटतेय, आणि मी हातवारे करून वाचतेय. 'त्यांच्या निधनाने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही' इथे तुम्ही घास खाली ठेवता. म्हणता, "पोटनिवडणुकीला सातजण फॉर्म भरायला तयार आहेत. कसली पोकळी?" मी म्हणते, आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगतात, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. तुम्ही म्हणता, "बरोबर सांगतात. मग गप्प बसावं. खोटं बोला असं सांगतात का?" आणि मग, पानावरून उठता उठता, "तो पहिल्या रांगेत बसलाय असं धरून बोलावं. उठून 'हे खोटं आहे' म्हणायची त्याला सोय पाहिजे. हे शिव्यांनाही लागू आणि कौतुकालाही."

सभेत तुम्ही जेमतेम चार वाक्यं बोललात. आमचं पटत नव्हतं. बाजाराच्या जागेवरून मी त्यांना भर सभेत लबाड म्हटलं होतं. कागद मी नंतर पाहिले, त्यांचंच बरोबर होतं, मी चुकलो होतो. हे ते असताना सांगायला हवं होतं, ते राहिलं, म्हणून आज त्यांच्या मुलांसमोर सांगतो. आणि बसलात. टाळी नाही, काही नाही. मी मान खाली घालून बसले, माझी ती सगळी सुंदर विशेषणं वाया गेली म्हणून. त्यांचा थोरला मुलगा तुम्हाला दारापर्यंत सोडायला आला होता, तो वाकून तुमच्या चपला शोधून देत होता. हे मला दिसलं होतं, पण त्याचा अर्थ कळायला माझं वय गेलं.

आता टीव्हीवर बघते. कोणी मोठा गेला की कालपर्यंत त्याला साप म्हणणारे आज 'माझे वडीलबंधू' म्हणतात. काही जण असेही असतात की चिता विझायच्या आत मोबाइलवर खवचट दोन ओळी टाकतात आणि त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतात. मला दोघांचाही सारखाच संताप येतो. या लोकांना विचारावंसं वाटतं, तुम्ही त्याला चोर म्हणालात ना? मग एक तर आजही म्हणा, त्याच्या बायकोच्या डोळ्यांत बघून, किंवा सांगा की ते खोटं होतं, निवडणुकीपुरतं होतं. 'मतभेद होते, मनभेद नव्हते' म्हणून दोन्हीतून सुटायचं नाही. आणि त्यानं खासगीत मला काय सांगितलं, हे तर अजिबातच सांगायचं नाही. जिवंत माणसाची मतं पळवता, ते एक वेळ समजू शकते. मेलेल्याची जीभ कसली पळवता?

तर पुढारी खाली बसले, आणि काकू मला म्हणाल्या, "तू बोल गं. तुला भीड नाही कुणाची."

मी उठले ते सगळं सांगायचं ठरवूनच. यांचं खोटं, आणि फोटोतल्यांचंही. जुना हिशेब फेडून टाकणार होते. माइक माझ्या उंचीला करायला कोणी तरी धावलं. मी म्हटलं, हे माझ्या वडिलांचे समोरचे. दोघांचं कधीही पटलं नाही. आपण बसलोय त्या जागेवर बाग व्हायला हवी होती असं माझे वडील म्हणायचे आणि मीही म्हणते. पण टेकडीवर नळ यांनी आणले. माझ्या वडिलांनी त्याला विरोध केला होता, कारण वस्ती अनधिकृत होती आणि, खरं सांगायचं तर, तिथली मतं यांची होती. त्या बाबतीत हे बरोबर होते. रागावू नका, बाबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात असं धरूनच बोलत होते. मग म्हटलं, गेला महिनाच काय, श्रावणापासून यांना बोलता येत नव्हतं. काकू चमच्यानं भरवत होत्या. तेव्हा फोनचं जे काय असेल ते असेल, मी टेलिफोन खात्यात होते, राँग नंबर पुष्कळ लागतात.

मागं कोणी तरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. पुढाऱ्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. यांना नमस्काराचीच ढाल असते.

आता राहिली होती तुमची हॉस्पिटलातली गोष्ट. मी काकूंकडे बघितलं. त्या वर बघत होत्या, ओले डोळे, ओठ थोडे उघडे, आणि मला कळलं की पुढे काय येणार आहे असं त्यांना वाटतंय. तो हात. त्यांना त्यांच्या नवऱ्यानं तेच सांगितलं असणार आणि इतकी वर्षं त्यांनी ते खरं धरलं असणार. दोन भांडखोर म्हातारे, शेवटी हातात हात. त्या बाईला मी काय सांगायचं होतं?

मी म्हटलं, "माझे वडील म्हणायचे, भांडायला असा माणूस मिळायला नशीब लागतं." आणि खाली येऊन बसले. काकूंनी माझा हात घट्ट धरला. टाळ्या पडल्या, शोकसभेत पडू नयेत तरी.

तुम्ही असं कधीही म्हणाला नव्हता. जवळपासचंही काही नाही. 'हलकट' म्हणायचात, सकाळी दाढी करताना. वाक्य मी तिथल्या तिथे बनवलं आणि तुमच्या तोंडात घातलं, आणि आता ते परत कसं घ्यायचं मला माहीत नाही. काकूंना जाऊन सांगू? धीर होत नाही. शिवाय दुसऱ्याच दिवशी कुणी तरी ते नाक्यावर लावलंय, मोठ्या फ्लेक्सवर, खाली तुमचं नाव आणि तुमचा टोपीतला फोटो. फोटो चांगला आलाय. लोक थांबून वाचतात. काढायला सांगायला हवं, एक फोन केला तर काढतील. फोन केलेला नाही. दुधाची डेअरी दुसऱ्या बाजूला आहे, तरी मी रोज नाक्यावरून जाते.