उपनली

पाटोदा, ११ जानेवारी २०२५

ती. जगदेवीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून पत्र, आणि पत्रात रडलेलं दिसत नाही म्हणूनही. माझी चौथीची मुलं सगळीकडे 'केले' लिहितात. आईने काम केले, बाबांनी शेत केले. मी 'केले'वर बंदी घातली. नेमकं क्रियापद शोधून आणा म्हटलं. प्रियदर्शनीने लिहिलं, "आईने मोहनरावांची तूर उपनली." मला वाटलं, पोरगी लिहिताना चुकली. लाल पेनने त्याचं 'उपटली' केलं आणि जोरकस क्रियापदाचा नमुना म्हणून वर्गात वाचून दाखवलं. वर्ग खो खो हसला. तिची आई छबुबाई मोहनरावांकडे रोजाने जाते. मधल्या सुट्टीत पोरं तिला तूरचोट्टीची पोर म्हणाली. चार दिवस झाले, ती शाळेत आलेली नाही. नेमकं काय चुकलं, ते तरी सांग.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
शिवकन्या

धर्मापुरी, १५ जानेवारी

चि. शिवकन्यास अनेक आशीर्वाद.

अगं, वाऱ्यावर सुपातून धान्य सोडून भुसा उडवायचा, त्याला उपणणं म्हणतात. आपल्याकडे तोंडात 'उपननं'. अंबाजोगाईत वाढलेल्या तुला खळं कुठून दिसणार? तू मागितलंस तेच क्रियापद पोरीने आणलं होतं. मीही तीस वर्षं शिकवताना अशा कितीक शब्दांवर लाल रेघ ओढली, आता आठवलं की लाज वाटते. निरोप धाडू नकोस, स्वतः जा. आधी छबुबाईची माफी माग. आणि तुझ्याच पत्रात 'केलं' सापडलं, त्याचा दंड भेटीत वसूल करीन.

तुझीच, कान गेलेली पण डोळे शाबूत असलेली,
मावशी

पाटोदा, २१ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सुटले गं मावशी. छबुबाई अंगणात तूरच उपणत होत्या. माफी मागितली तर हसल्या आणि माझ्या हातात सूप दिलं. म्हणाल्या, "बाई, आदी वारं बगा, मग उपना." माझी निम्मी तूर भुशात गेली, तेव्हा दाराआडून प्रियदर्शनी खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी ती आली. मी माझी चूक फळ्यावर लिहिली आणि अर्थ तिलाच सांगायला लावला. चिडवणारी पोरंच आता घरून खुरपलं, पाखडलं, निवडलं घेऊन येतात.

आज तिची वही तपासली. "बाईंनी तूर उपनली. निम्मी भुशात सांडली. मग आईसंगं बसून दाणा दाणा वेचला." लाल पेन उघडलं होतं, त्याला टोपण लावलं.

दंड माफ कर, माया तेवढी वाढव.
तुझी,
शिवकन्या