दोन्ही पत्रकांवर मीच आहे

प्रिय लॉवेल,

रागावलेला असला तरी धाकट्याच असलेल्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? थँक्सगिव्हिंगला सीमेच्या भिंतीवरून भांडून तू टर्कीची तंगडी हातात घेऊनच गाडीत बसलास, त्यानंतर आपलं बोलणं नाही. पत्राला कारणं दोन आहेत. पहिलं लगेच सांगतो, दुसरं धीर झाला तर शेवटी.

तुझ्या पक्षाचं पत्रक पोचलं. त्यावरच्या माझ्या फोटोशेजारी तू 'अखेर अक्कल आली' असं लिहिलं आहेस. आलेली नाही. आमच्या पक्षाच्या पत्रकावरही मीच आहे, फक्त ते ओहायोत वाटत नाहीत. झालं असं, की खर्चाचं विधेयक अडलं आणि सरकार बंद पडलं, त्याला आज तेहतीस दिवस झाले. सरकार बंद आहे, मी चालू आहे. (सीमेच्या सुरक्षेला किती पैसे द्यायचे यावर दोन्ही पक्ष इतके तळमळताहेत, की सीमेवर उभ्या असलेल्या माणसाचा पगार तेवढा राहून गेला.) रोज ॲरिझोनाच्या या नाक्यावर येतो आणि टोमॅटोच्या खोक्यांत अळ्या शोधतो, फुकट.

गेल्या आठवड्यात मंगळवारी तुमचा ओहायोचा खासदार आला. अंगातल्या नव्या जाकिटाची दुकानातली घडीही मोडलेली नव्हती. मागे भिंत येईल असं मला उभं केलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जरा दुःखी दिसा." त्यासाठी मला काही करावं लागलं नाही. गुरुवारी आमचा आला. वाटलं, हा तरी काही विचारेल. त्याने विचारलं, "गॉगल ठेवू की काढू?" मग त्याच भिंतीपुढे, त्याच खांद्यावर हात. मीच विचारलं, साहेब, विधेयक कधी मंजूर होणार? "ते नमले, की लगेच." तुमच्यानेही हेच सांगितलं होतं, शब्दही तेच. या माणसाला मी चार वेळा मत दिलंय, लॉवेल. मला स्वतःचीच चीड येते. हे वाचून तुला हसू येईल, ये बापडं, पण फार वेळ हसू नकोस.

आमच्या साहेबीण डेल्गाडिलो बाईंनी फेब्रुवारीत मंजूर केलेली माझी रजा परवा रद्द केली. बारा जण आजारी पडलेत (म्हणजे गाडीत पेट्रोल नाही). "मर्ल, तू अत्यावश्यक आहेस," म्हणाल्या आणि मान फिरवून डोळे पुसले. सव्वीस वर्षांत मला कोणी अत्यावश्यक म्हटलं नव्हतं, घरीसुद्धा. न सांगता निघालो तर नोकरी जाईल, आणि पेन्शनला सातच महिने उरलेत.

वहिनींना आठवण सांग. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
मर्ल

ता. क. दुसरं कारण. ती रजा या शनिवारची होती. कोरीनचं लग्न. आमंत्रणाला तू 'जमणार नाही' असं कळवलं आहेस (तंगडीचा राग), पण चर्च तुझ्या घरापासून चाळीस मिनिटांवर आहे. तिला हात धरून वेदीपर्यंत तू नेशील का? ती म्हणते, बाबा नसतील तर मी एकटीच चालेन. ते मला सहन होत नाही. ती भराभर चालते, जरा आवर तिला.

ता. क. २. व्याही माझ्या पक्षाचे आहेत. दोन तास तोंड बंद ठेव. माझा सूट परवाच पोस्टाने पाठवलाय, बाह्या तुला आखूड होतील. वरच्या खिशात आईचा रुमाल आहे, तो कोरीनला लागेल.

ता. क. ३. पाकीट (उद्याच पोचणाऱ्या जलद टपालाचं) चिकटवतानाच रेडिओवर ऐकलं. विधेयकावर उद्या शुक्रवारी होणारं मतदान सोमवारवर गेलं; ते उद्या झालं असतं, तर रजा परत मिळाली असती. सगळ्यांना शनिवार-रविवार घरच्या माणसांबरोबर घालवता यावा म्हणून सभागृहाने सुट्टी घेतली. दोन्ही पक्षांनी, एकमताने. तेव्हा चर्चच्या दारात माझी वाट पाहत थांबू नका.