कागदाएवढी माया

दिनांक ११ मार्च
सकाळी साडेनऊ

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तू या घरात येण्याच्या आधीपासूनच कुरकुरतोय, तेव्हा त्याचं काही मनावर घेऊ नकोस. तुमची खुशाली दर रविवारी तुझ्या नवऱ्याकडून कळते. अर्थात त्याच्याकडून बातमी काढायची म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. "ती कशी आहे?" "बरी आहे." संपला रविवार.

त्याच्या हाती तू 'आईंना दे' म्हणून पाठवलेलं मलम पोचलं. अंगठा आता भरून आलाय. भाजी चिरताना कापलं, असं मी त्याला सांगितलं होतं. ते खोटं होतं. पटाशी लागली. लाकडात खाच कोरायचं ते चपटं, धारदार हत्यार असतं ना, ते.

तर बातमी अशी, की तुझी सासू एकसष्टाव्या वर्षी सुतारकाम शिकतेय. खुशाल हस. खालच्या मजल्यावरचे सुतारमामा तुला आठवत असतील, चष्म्याला दोरी बांधणारे. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, बाथरूममध्ये वस्तू ठेवायला एक फळी करायचीय, पण माझ्या हातांनी. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. बाजारात प्लास्टिकच्या मिळतात, चार स्क्रू मारले की काम झालं, म्हणाले. मी हटले नाही. मग म्हणाले, खिळे चालायचे नाहीत, ओलीत गंजतात आणि लाकडावर काळे ओघळ येतात. सांधे हाताने कापावे लागतील. जमेल का? म्हटलं, चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत, मापं घेणं मला शिकवू नका.

ते बोलणं अंगाशी आलं.

काम दिसायला सोपं. दोन उभ्या फळ्या, दोन आडव्या. उभ्यांना आतून खाच पाडायची आणि आडव्यांची टोकं त्या खाचेत बसवायची. पहिल्या खेपेला मी सवयीने खाच थोडी रुंद कापली. कापडात शिवणीपलीकडे आपण थोडी जास्तीची माया सोडतोच ना! फळी आत अशी खुळखुळायला लागली की सुतारमामांनी नुसता चष्मा पुसला. दुसऱ्या खेपेला ईर्ष्येने इतकी अरुंद कापली की फळी आत जाईना. मी लाकडी हातोडा उचलला आणि ठोकली. उभी फळी वरपासून खालपर्यंत चिरली.

मामा रागावले नाहीत. चहा ठेवला, आणि कप माझ्या हातात देताना म्हणाले, "बाई, घट्ट म्हणजे पक्कं नव्हे. ओल्या हवेत लाकूड फुगतं. त्याला फुगायला जागा नाही दिली, तर एक दिवस ते खाच फोडून बाहेर येतं. कागदाएवढी माया सोडा. जास्त नको, पण तेवढी हवीच."

चहा तसाच निवला माझा.

तिसऱ्या फळीला मी आठ दिवस घेतले. पेन्सिलीच्या रेघेच्या आतल्या बाजूने करवत चालवायची, मग पटाशीने तळ साफ करायचा, पुन्हा गुण्या लावून कोन बघायचा. अंगठा कापला तो तेव्हाच. गेल्या मंगळवारी आडवी फळी खाचेवर धरली आणि तळव्याने दाबली. हातोडा नाही, काही नाही. अलगद आत गेली आणि बसली. हलवून पाहिली, जागची हलेना. मला रडू आलं. मामांना वाटलं अंगठा दुखतोय. मीही तसंच वाटू दिलं.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल, की मी एवढं लाकडाचं पुराण का लावलंय. खरं बोलायचं टाळायला माणसाला काहीही पुरतं.

तू लग्न होऊन आलीस त्याच्या चौथ्या महिन्यात बाथरूमच्या खिडकीत तू तुझ्या वस्तू मांडल्या होत्यास. दोन बाटल्या, कंगवा, एक लहान आरसा. मी त्या सगळ्या एका बादलीत भरून दाराबाहेर ठेवल्या. तू विचारलंस तर मी म्हटलं, "या घरात प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली आहे."

तू म्हणालीस, "आणि माझी, आई?"

मी कुकर लावायला निघून गेले. सहा महिन्यांनी तुम्ही वेगळं घर घेतलंत. शेजाऱ्यांना मी सांगितलं, मुलाला ऑफिस लांब पडत होतं. सगळ्यांनी मान डोलावली. कुणालाच ते पटलं नाही, मला तर मुळीच नाही.

तुला मी एक गोष्ट कधीच सांगितली नाही. मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा माझा साबण अकरा वर्षं पत्र्याच्या ट्रंकेत होता. अंघोळीला जाताना न्यायचा, येताना कोरडा करून परत कुलपात. माझ्या सासूबाईंनी बाथरूममध्ये मला जागा दिली नाही आणि मी मागितली नाही. तू मागितलीस. मला त्याचाच राग आला, बाई. तुझा नव्हे. मला जे तोंड उघडून मागता आलं नाही, ते तू चौथ्या महिन्यात मागितलंस याचा. हे कळायला मला घर रिकामं व्हावं लागलं. आता बाथरूमसाठी रांग नाही, पाहिजे तितका वेळ अंघोळ करते, आणि कशात जीव लागत नाही.

फळी मी आपल्याच बाथरूममध्ये लावणार होते. ती बघून तू परत येशील, असा हिशेब. काल सुतारमामा भिंतीला भोकं पाडायला आले आणि त्यांनी विचारलं, "कितीवर लावू? ज्यांना वापरायचीय त्यांचा हात कुठवर पोचतो?"

मला सांगता येईना. दहा महिने तू माझ्या घरात वावरलीस. तुझ्या कपड्यांचं माप मी डोळे मिटून सांगेन, पण तुझा हात सहज कुठवर जातो, ते मी पाहिलंच नव्हतं. आणि तेव्हाच हेही उमगलं, की मी तुला जागा देत नव्हते, पुन्हा माझ्याच भिंतीवर बोलावत होते. मामांना म्हटलं, भोकं नकोत.

फळी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलीय. ती तुझी आहे, तुझ्या घरासाठी. एका कोपऱ्यात करवत किंचित घसरल्याची खूण आहे, ती तेवढी चालवून घे. परत या, असं मी म्हणत नाही. तुमचं घर तुमचं.

माझं चुकलं. एवढे दोन शब्द लिहायला मला तीन फळ्या लागल्या.

तुझी इच्छा असेल तर एखाद्या सकाळी मी ती घेऊन येईन. तू भिंतीपाशी उभी राहा, हात वर कर, सहज जाईल तिथवर. मी खूण करते.

जिला तू अजूनही 'आई' म्हणतेस,
ती