‘स्लो’ची वाक्यं

३ फेब्रुवारी
तासगावात स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. आमचा बेदाणा घेणाऱ्या बाहेरच्या पार्ट्यांशी इंग्रजीत बोलावं लागतं, म्हणून. दुसरं कारण नाही.
शिकवायला क्रांती मॅडम. आटपाडीच्या. इथं मामाकडं राहतात. माझ्याहून लहान असतील, पण मॅडम त्या मॅडम.
आजचा शब्द ‘स्लो’. हा शब्द लोक कुठं कुठं वापरतात ते ऐकायचं आणि वाक्यं करून आणायची. मी लगेच उठून म्हणालो, माय ट्रॅक्टर इज स्लो. मॅडम म्हणाल्या, बरोबर, पण हा अर्थ सगळ्यांनाच येतो. दुसरे शोधा.
शोधणार.

६ फेब्रुवारी
मॅडमचं घड्याळ मागं पडलेलं. म्हणालो, मॅडम, युवर वॉच इज स्लो. सगळ्या क्लाससमोर ‘व्हेरी गुड’ मिळालं! बँकेच्या परीक्षा देणाऱ्या यशराजला आजवर नुसतं ‘गुड’.
यावरून काय ते समजलं. महिनाअखेर मॅडमना मनातलं सांगायचं. पक्कं.

१४ फेब्रुवारी
आज व्हॅलेंटाईन डे, सगळ्यांना सांगायची घाई. म्हणून क्लासला गेलोच नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय बेदाण्याच्या शेडवर माल टाकायचा, वाळलेल्याला गंधकाची धुरी द्यायची होती.
मावसभाऊ भाऊसो म्हणाला, अरं गड्या, बोल की तिला, द्राक्षं वाळवाय टाकल्यासारखा काय बसलाईस. त्याला सांगितलं, बेदाणा सावलीत सावकाश वाळला तरच हिरवा राहतो, उन्हात घाई केली की काळा पडतो. तो म्हणाला, ती काय बेदाणा हाय व्हय?
भाऊसोला धीर नाही. लग्न झालंय ना.

२ मार्च
महिनाअखेर हुकली. फेब्रुवारी मुळात लहान महिना.
मॅडमसाठी घरचा बेदाणा नेला. लांब, हिरवा, एकेक निवडलेला. मॅडमनी एक खाल्ला, छान म्हणाल्या आणि बाकीचा क्लासभर वाटून टाकला. मन मोठं आहे.
माझं ‘बिझनेस इज स्लो’ हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहिलं. फोटो काढून ठेवलाय.
आता पाडव्याला सांगायचं. साडेतीन मुहूर्तांतला एक.

१९ मार्च
पाडव्यापर्यंत कशाला थांबायचं, म्हणून मेसेज टाईप केला: मॅडम, आय वॉन्ट टु से वन थिंग. पाठवला. गोल फिरत राहिलं. जायच्या आत डिलीट केला.
नेट इज स्लो. हेही वाक्य झालंच की.

३० मार्च, पाडवा
क्लासला सुट्टी. हे आधी ध्यानातच आलं नाही.
डॉक्टर आईला म्हणाले होते, साखर म्हणजे स्लो पॉयझन. तिनं आज दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. वाक्य लिहून ठेवलं. सांगायचं ते कोर्स संपताना सांगू. तेव्हा मॅडम-विद्यार्थी हे नातंही राहणार नाही. उलट बरंच झालं.

९ एप्रिल
मॅडमनी क्लासमध्येच सांगितलं. विट्याचं स्थळ. मुलगा मिलिटरीत, सुट्टीवर आलाय. शनिवारी आटपाडीला याद्या करायच्या आहेत, सगळ्यांनी यायचं.
भाकरी गेली नाही.
मग शांतपणे विचार केला. याद्या म्हणजे काय, तर कुणी काय द्यायचं, कार्यालय कुठलं, तारीख कुठली. लग्न काही लगेच होत नाही. मुलगा ड्यूटीवर जाणार, पुढची सुट्टी दिवाळीला, म्हणजे मुहूर्त तुळशीचं लग्न झाल्यावरच. तोवर माणसाचं मन बदलतं.
भाऊसो म्हणाला, आत्ताच्या आत्ता जा. त्याला म्हणालो, मिलिटरीत रजेचं काम लय स्लो असतंय. शनिवारी तिथंच गाठून सांगतो.

१२ एप्रिल, आटपाडी
मोटरसायकलवर वाक्य घोकत गेलो. पोचलो तेव्हा दोन्हीकडची वडीलधारी माणसं मांडवात बसून याद्या लिहीत होती. मॅडम आत, बायकांत. वाट बघत थांबलो.
तेवढ्यात मुलाचा चुलता उठला. म्हणाला, आवं पावणं, सगळी जमल्यातच, पोराची सुट्टीबी हाय, परत कशाला हेलपाटा? यादीवरच लगीन उरकून टाकू. मॅडमचे वडील आत जाऊन पोरीला विचारून आले. म्हणाले, पोरीचीबी ना न्हाई.
हार आले. भटजी आले. कुणीतरी माझ्या मुठीत अक्षता दिल्या. मॅडम मुंडावळ्या बांधून बाहेर आल्या. खूश होत्या. अगदी मनापासून खूश. ते बघवेना.
मंगलाष्टका संपल्या, वाजंत्री वाजली. माझ्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या.
नंतर मॅडमनी नवऱ्याशी ओळख करून दिली. म्हणाल्या, हे जयराज, माझे सगळ्यात सिन्सिअर स्टुडंट. त्यानं कडक हात मिळवला. माणूस चांगला आहे. मी काँग्रॅच्युलेशन्स म्हणालो. उच्चार बरोबर आला.

१५ एप्रिल
क्लासला गेलो होतो. मालक म्हणाले, मॅडम आता येणार नाहीत, नवऱ्याबरोबर पोस्टिंगवर निघाल्या. यशराज उरलेला कोर्स घेणार.
तिथून थेट शेडवर आलो. मला क्रांती आवडत होती. फार आवडत होती. एकदा तरी तिला मॅडम न म्हणता नावानं हाक मारायची होती.
रडत बसलो होतो. आई आली, काय झालं म्हणाली. म्हटलं, गंधकाची धुरी डोळ्यांत गेली.
आई म्हणाली, आरं, धुरी अजून दिलीच न्हाई की.
मग काही न विचारता शेजारी बसली आणि बेदाण्यातल्या काड्या वेचायला लागली.