गिरणीवरचा फळा

भिवपुरी,
४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय गुरुजींना,
सुंदराचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे मजेत आहेत. भात केव्हाच झोडून घरात आलं, वालही यंदा बरा झालाय. परवा शाळेतल्या पोरांनी मडक्यात वालाच्या शेंगा भाजायला पोपटी लावली. मडकं उघडलं तर शेंगांपेक्षा भांबुर्ड्याचा पालाच जास्त! आधी मी ओरडले आणि मग सगळ्यांत जास्त शेंगा मीच खाल्ल्या. मास्तरीण असण्याचा तेवढाच फायदा.

वनितावहिनी हे पत्र मोठ्यानं वाचत असतील. वहिनी, मधलं काही गाळायचं नाही हं. सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही.

आमचे हेडमास्तर जगदीशसर तुमच्या सत्काराच्या मागे लागलेत. कार्डावर त्यांनी छापायला घातलंय, ‘मालोजी गुरुजी : शिक्षक, उद्योजक, माजी आमदार’. उद्योजक! आपल्या भातगिरणीला ऐकू येत असतं तर तिलाच हसू आलं असतं. तुमची ओळख करून द्यायचं काम माझ्यावर आलंय. शाळेतली नोकरी सोडून गिरणी काढलीत, लोकांनी तुम्हाला निवडून दिलं, तुम्ही आमच्या वाडीच्या ओढ्यावर साकव आणलात, त्या साकवावरून मी भर पावसाळ्यात शाळेत गेले, हे सगळं मी सांगणारच आहे. पण मला खरं सांगायचंय ते गिरणीवरच्या फळ्याचं.

भात भरडायला आलं की तुम्ही त्या माणसाचं नाव फळ्यावर लिहायचात. पाळी आली की नावापुढे खडूची फुली. पुकारायचं मात्र कुणी नाही, ज्यानं त्यानं आपलं नाव बघून उठायचं. लोक काय बोलायचे ते तुम्हालाही ठाऊक आहे. “मास्तरकी सुटली, पण खोड काय सुटत नाय!”

त्या दिवशी माझी आई, ठकी, डोक्यावर भाताचं बोचकं घेऊन आली होती. मी तिच्या पदराला धरून. सकाळची दुपार झाली. मागून आलेले भरडून घेऊन गेलेसुद्धा. आईला वाटलं, वाडीवरची म्हणून आपल्याला मागं ठेवलंय. ती उठली आणि सरळ तुमच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“मास्तर, आमी माणसं नाय काय? सकाळपासून बसलीय मी हितं!”

तुम्ही फळ्याकडे पाहिलंत. तिच्या नावापुढे फुली कधीचीच पडली होती. तुमचा चेहरा असा उतरला की मला लहान असूनही तुमची दया आली. तुम्ही इंजिन बंद करायला लावलंत, आईच्या समोर मांडी घालून बसलात आणि जमिनीवरच्या कोंड्यात बोटानं अक्षरं काढलीत.

“हे बघ, ठकी. हे तुझं नाव गं. चुकलो मी. आधी शिकवायला हवं होतं, फळा नंतर लावायचा.”

त्या दिवसापासून गिरणीवर थांबणाऱ्या बायाबापड्यांची शाळा सुरू झाली, त्यांच्यात बसून मीही पहिली अक्षरं गिरवली. पुढच्या आठवड्यात भरडायला चिमूटभर भात नसताना आई गिरणीवर गेली, का, तर नाव बघायला! फळ्यावर नाव नाही म्हणून हिरमुसून बसली. मग तुम्ही हसत हसत सगळ्यांत वर तिचं नाव लिहिलंत. घरी येऊन सगळ्या वाडीला सांगत सुटली होती ती.

बरं, आता मुद्द्यावर येते. टाळून टाळून किती टाळू?

गुरुजी, मला सगळं कळलंय. दिवाळीनंतर तुम्हाला मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं सावरलं, अक्षरं तेवढी गेली. सही करता येते, पण केलेली सही वाचता येत नाही. रोज पेपर धरून बसता, पानं उलटता आणि नातीनं, रियानं, एखादी बातमी विचारली की तिच्यावर खेकसता. वहिनींवर चिडू नका, मीच फोनवर खोदून खोदून विचारलं. मोहोपाड्याला तुमच्या घरी मी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा “झोपलेत” असं सांगितलं. आतून तुमचा खोकला ऐकू येत होता, गुरुजी! सत्काराला नको म्हणताय तेही त्यामुळेच ना? कुणी मानपत्र हातात दिलं आणि वाचा म्हटलं तर, ही भीती.

मला आधी रागच आला. मग घरी येताना रिक्षात रडले.

वाचता येत नाही म्हणून माझ्या आईला तुम्ही एकदाही लाजवलं नाहीत. मग स्वतःलाच का लाजवताय? अहो, आजारी पडलात तुम्ही. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईंना मी जाऊन भेटले. सगळं पहिल्यासारखं होईल असं काही त्या म्हणाल्या नाहीत, तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण सरावानं थोडं थोडं येतं म्हणाल्या. अक्षर बोटानं गिरवलं की डोळ्यांना जे कळत नाही ते कधीकधी हाताला कळतं. तेवढं मला पुरे आहे.

सत्काराचं राहू द्या, जगदीशसरांना मी बघते. रविवारी सकाळी येतेय. पहिल्या दिवशी काही जमणार नाही. तुम्ही वैतागाल, मला हाकलून द्याल, मग मी पुढच्या रविवारी येईन. वर्गात पस्तीस पोरं सांभाळते मी, तुम्ही एकटे मला जड नाही.

गुरुजी, तुमचे उपकार मला फेडायचे नाहीत. ते अंगावर असले की बरं वाटतं, राहू देत. मला नुसतं तुमच्याशेजारी बसायचंय. बेल वाजली की वहिनींना पाठवू नका. दार तुम्ही उघडा.

तुमची विद्यार्थिनी होते, आहेच. रविवारपासून तुमची मास्तरीण,

सुंदरा