निळ्या गाडीची वायुदीक्षा आणि एक जळका पंप

स्वस्ति. द्रवीभूतवायुविद्याविशारद, सहस्राधिक वाहनांस पेट्रोलच्या मोहातून सोडवणारा, पाबियानित्से नगरीच्या गळमासेमारी मंडळाचा माजी उपसचिव, भाजीमळा क्रमांक सत्तेचाळीसचा निर्विवाद अधिपती (कुंपणाचा वाद वगळता), खारवलेल्या काकड्यांचा तीन वेळचा परीक्षक व एकदाच पराभूत स्पर्धक असा मी, बोगुमिल सोवा, वय वर्षे छप्पन्न, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे.

येत्या मंगळवारी शल्यविशारद माझ्या हृदयातील एक झडप काढून तेथे नवी बसवणार आहेत. इंजिनाच्या झडपांविषयी गिऱ्हाइकांना मी आयुष्यभर जे सांगत आलो, ते त्यांनी मला शब्दशः ऐकवले : "काही काळजी करू नका, रोजचंच काम आहे." त्या क्षणी हा कागद लिहिण्याचा निश्चय झाला.

माझी बुद्धी शाबूत आहे. या मुद्द्यावर पत्नीचे भिन्न मत असल्यास ते तिने स्वतंत्र कागदावर मांडावे. मी कोणाच्या दडपणाखाली नाही, मद्याच्या अमलाखालीही नाही, कारण तेही डॉक्टरांनी बंद केले आहे. आमच्या देशाचा कायदा अशा हस्तलिखितास साक्षीदार मागत नाही. तरीही मी दोन बोलावले आहेत, पैकी एक सहेतुक. तो हेतू पाचव्या कलमात आहे.

कलम पहिले. सदनिकेतील माझा अर्धा हिस्सा व बँकेत जे काही उरले असेल ते माझी पत्नी लुडमिला हिला मिळावे. स्वयंपाकघराची खिडकी अडकते, ती अडकलेलीच राहू द्यावी. मी गेलो म्हणून लगेच दुरुस्त करवून मला लाजवू नये.

कलम दुसरे. भाजीमळा, त्यातील खोपटे व दोन गूजबेरीची झुडपे हीही तिचीच. शेजारच्या मळ्याच्या मालकाने माझे कुदळ-फावडे सहा वर्षांपूर्वी "जरा" म्हणून नेले. ते त्याने अंत्यविधीस येताना आणावे. हातात धरूनच यावे, म्हणजे लोकांना दिसेल.

कलम तिसरे. वर्कशॉप, त्यातील लिफ्ट, गळती शोधण्याचे यंत्र, साबणाच्या पाण्याची बाटली (जी त्या यंत्राहून अधिक विश्वासार्ह आहे) असे सर्व काही माझी कन्या यागोडा हिला. वय सत्तावीस, हात माझे, डोके सुदैवाने आईचे.

कलम चौथे. निळी जपानी टर्बोगाडी. येथे थोडा इतिहास अपरिहार्य आहे.

ही गाडी माझे मेहुणे, लुडमिलाचे थोरले बंधू, एडमुंड रोगाला यांची. डोंगरातील चढाईच्या शर्यतीत ते ती चालवत. इंजिनाचा ठोका नुसत्या कानाने ओळखणारा असा मनुष्य मी दुसरा पाहिला नाही. गाडी त्यांनी मला दिली ती दोन अटींवर : तिला मान द्यायचा, आणि वसंतातील शर्यतीपुरती ती त्यांना परत द्यायची. मान म्हणून मी सुट्या चाकाच्या खळग्यात गॅसची गोल टाकी बसवली. २०१२ च्या नोव्हेंबरात, त्यांच्या नामदिनाच्या, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या दिवसाच्या, मेजवानीत, हेरिंग मासा वाढला जात असताना मी ही शुभवार्ता जाहीर केली.

"दाजी," एडमुंड काटा खाली ठेवत म्हणाले, "टर्बोमध्ये स्वयंपाकाचा गॅस? आता तिच्यावर बटाटे उकडणार का?"

"अरे, गॅसला टर्बोचा दाब उलट जास्त मानवतो. ठोका येत नाही."

"येत नाही, कारण पूर्ण दाबाला तुझा गॅसच पुरत नाही! गाडी गुपचूप पेट्रोलवर जाते आणि तू टाळ्या वाजवतोस."

हे दुर्दैवाने सत्य होते. पातळ गॅसची वाफ करणारा एकुलता एक रेग्युलेटर पूर्ण दाबाला गारठून जाई. म्हणून मी विषय काकड्यांकडे वळवला.

कलम पाचवे. हे कलम लिहिण्यास मला अकरा वर्षे लागली.

गॅसवाली गाडी सुरू पेट्रोलवर होते, तापली की टक् असा आवाज करून गॅसवर जाते. त्यामुळे आमच्या पंथात एक पापाचरण सर्वमान्य आहे : पेट्रोलच्या टाकीत जेमतेम घोटभर ठेवायचे आणि पेट्रोल संपत आल्याचा नारिंगी दिवा आयुष्यभर पेटता ठेवायचा. पेट्रोलचा पंप टाकीत बुडून थंड राहतो, कोरडा फिरला तर जळतो, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट रोखून सांगत असे. स्वतः मात्र तो हिवाळा मी नारिंगी दिव्यावर काढला.

एप्रिलमध्ये एडमुंड शर्यतीला निघाले. टाकी त्यांनी काठोकाठ भरली. पण जळत आलेला पंप भरल्या टाकीने बरा होत नाही. शर्यतीच्या सकाळी दवात गाडी उभी होती, ती उभीच राहिली. पंप पूर्वी त्यांनीच बसवलेला असल्याने मी सर्वांदेखत म्हणालो, "पंप तुझा, एडमुंड. माझा गॅस निर्दोष आहे."

पुढच्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत त्यांचा शर्यतीचा परवाना गेला. ती त्यांची अखेरची शर्यत ठरली असती. त्यानंतर आम्हा दोघांत ख्रिसमसच्या पंगतीत "मीठ दे इकडे" याहून दीर्घ संभाषण झालेले नाही.

सबब पूर्ण शुद्धीवर जाहीर करतो : पंप मी जाळला. गॅस निर्दोष होता, मी नव्हतो.

कलम सहावे. निळी गाडी यागोडास मिळावी. तिने दोन रेग्युलेटर बसवून गॅसचा पुरवठा वाढवला आहे. आता पूर्ण दाबाला इंधन किती द्यायचे त्याचा तक्ता तेवढा जुळवायचा उरला आहे, आणि त्याला एडमुंडचा कान लागतो. वारसाला अट घातली तर आमचा कायदा ती धरतच नाही, असे कळले; म्हणून अट नव्हे, विनंती : त्या दोघांनी हे काम एकत्र पुरे करावे. मी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठलो वा न उठलो तरीही.

कार्यवृत्त. वरील कलमे मी आज दुपारी साक्षीदारांपुढे वाचली. लुडमिलाने भावाला "सहीला ये, नाहीतर थेट फुलं घेऊन यावं लागेल" असा निरोप धाडला होता. एडमुंडनी कागद हातात घेऊन पाचवे कलम पुन्हा स्वतः वाचले.

"मला माहीत होतं, दाजी."

"काय माहीत होतं?"

"पंप त्याच दुपारी मीच उघडला. आत कोळसा. कोरड्या टाकीशिवाय पंप असा जळत नाही."

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीस?"

"म्हटलं, तू बोलशील. एवढा उशीर लावशील असं वाटलं नव्हतं."

"दोघंही गाढव," लुडमिला म्हणाली आणि चहा ठेवायला गेली; पण बराच वेळ नळच सुरू असल्याचे ऐकू येत होते.

यागोडाने संधी साधली. "मामा, तक्ता कधी जुळवायचा?"

"आधी पेट्रोलची टाकी निम्मी भर. मग बोल."

ती तिने कालच भरली होती. दोघे गाडी घेऊन जे गेले ते तासाभराने परतले. एडमुंडचे केस विस्कटलेले होते.

"दोन रेग्युलेटर कुणाच्या डोक्यातून आले?"

"माझ्या," यागोडा म्हणाली.

"वाटलंच. बापाचं डोकं इतकं चालत नाही." मग माझ्याकडे न बघता : "पूर्ण दाबाला गॅसवर टिकली. अजून थोडी कोरडी ओढते, गॅस जरा कमी पडतो, पण टिकली. मंगळवारी तुला मीच सोडतो दवाखान्यात. गॅसवरच. आणि तू परत आलास की उरलेलं शिकवतो तुलाही."

त्यानंतर त्यांनी सही केली. मृत्युपत्र मी रद्द करत नाही. परंतु ते वापरात येण्याची घाई कोणी करू नये.

स्वहस्ताक्षर : बोगुमिल सोवा
साक्षीदार : एडमुंड रोगाला ("पंपाविषयीचा मजकूर बरोबर आहे")
साक्षीदार : लुडमिला सोवा ("खिडकी दुरुस्त होणार")
स्थळ : पाबियानित्से. गुरुवार, ९ मे २०२४.

ताजा कलम. सही वाळते न वाळते तोच यागोडाने निदर्शनास आणले की दवाखान्याच्या तळघरातील पार्किंगमध्ये गॅसवाल्या गाड्यांना मनाई आहे, तशी पाटीच आहे. दारात गाडी थांबू देत नाहीत, उघड्यावरची जागा सकाळी सहालाच भरते, आणि पुढची जागा सव्वा किलोमीटरवर आहे. हृदयाच्या रुग्णाने तेवढे चालत यावे काय, तेही चेन तुटलेली बॅग घेऊन, असे मी फोनवर पहारेकऱ्यास विचारले. तो म्हणाला, "पाटी मी लावलेली नाही," आणि फोन ठेवला.