दारातले अक्षर

जालना,
पौष शुद्ध ५, शके १८६६

तीर्थरूप मार्तंडमामांच्या पायांशी अरुंधतीचा नमस्कार पोचावा. मी बरी आहे. आपली दाढ काढली, की अजून लवंगेवरच भागते आहे? तीर्थपुरीच्या थंडीत नंदामामींचा गुडघा कसा आहे? (सोबतचा लेप गुडघ्याला लावायचा आहे. मागचा त्यांनी दुधातून घेतला.)

आपण विचारले होते, की एकाच सालचे निजामाचे दोन हाली रुपये, फक्त चारमिनारच्या दारातले ‘ऐन’ हे उर्दू अक्षर एकावर अर्धे आणि दुसऱ्यावर पुरे, तर एवढ्याशा फरकाला नाण्यांच्या पेटीत वेगळे घर द्यावे काय. माझे शिक्षण औषधे तोलण्याचे, म्हणून पंच मी. मी आपले दोन्ही नमुने दवाखान्याच्या तराजूत घातले, काटा मध्येच राहिला, आणि नमुने परत करताना लिहिले की तराजूला न कळणारा फरक हा फरक नव्हे. प्रत्येक सालच्या जोडीतला एकेक ठेवावा आणि उरलेले भुजंग सोनाराच्या मुशीत घालून माझ्या लग्नाचे पैंजण करावेत. (अक्षर पाहिलेच नव्हते. काटा पाहिला होता.)

त्यानंतर वाटूरच्या गोजरबाई खोकल्याच्या औषधाला आल्या. खिडकीत वाकल्या तसा त्यांचा रुपयांचा हार माझ्या खलापाशी लोंबला. मी भिंग घेतले आणि एक रुपया पाहिला. मामा, मोहरी मावेल एवढे ते दार, आणि त्यात केसासारखे अक्षर. ठशावर ते कोणी उलटे कोरले असेल, कोणत्या हत्याराने, श्वास कुठे ठेवून? मी बाटली हातात धरून पाहतच राहिले. गोजरबाई घाबरल्या. “बाई, काय दिसून राह्यलं माह्या छातीत?” मी “काही नाही” म्हटले. ते त्यांना बिलकुल पटले नाही. पण औषधाने खोकला गेला, आणि वाटूरला बातमी गेली की जालन्याची बाई गळ्यातल्या रुपयातून रोग पाहते.

पुढच्या बाजारी वाटूरच्या बायका मोटार भरून आल्या. डॉक्टरांनी नळी लावायची तर त्या म्हणत, “आधी रुपया बघू द्या.” नर्स उषाबाईंनी मला विचारले, “काय हो, दवाखान्यात सराफा कधी उघडला?” मी खुलासा केला. मग त्यांनी रांग लावून दिली.

रांगेतल्या दुर्गाबाईंच्या हारात दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी ओवलेल्या होत्या. रोग नाही हे त्यांना पटावे म्हणून मी भिंग त्यांच्याच हातात दिले. त्या एक डोळा मिटून रुपयावर वाकल्या. (मोटारीतून उतरल्यापासून तोंड चालूच होते.) मग हळूच म्हणाल्या, “अगं बया, दारात कोन उभं हाय? या रुपयात नुसतं डोकावून राह्यलंय. अन् त्यात बघ, पुरं बाहेर आलंय!” भिंग परत मिळायला वेळ लागला. सगळ्यांना पाहायचे होते, आणि पाहून झालेली बाई पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहत होती.

तेव्हा माझा निकाल मी फिरवते. दोन्ही ठेवावेत. पेटीत घरे कमी असतील तर पेटी मोठी करावी.

आपली भाची,
अरुंधती

ता. क. रुपये भुजंग सोनाराकडे दिले असतील तर पत्राचे पुढचे वाचण्याआधी त्याच्याकडे जाऊन यावे.

ता. क. मामाचे पैंजण पायात पडल्याशिवाय मुलगी बोहल्यावर चढत नाही, असे मामी म्हणतात. माझ्या होणाऱ्या सासरी, आष्टीच्या मंडळींना तसेच कळवावे.

ता. क. मुलगी शिकलेली काय अन् न शिकलेली काय, चुलीपाशी सगळ्या सारख्याच, असे ती मंडळी आपल्याला म्हणाली होती. त्या वेळी मला त्यात चूक दिसली नव्हती. त्यांनी भिंगातून पाहिलेले नाही. पैंजणांची घाई करू नये.